आठ फुटांची पाळ

मुलांच्या खेळण्याची चर्चा आपल्या घरांमध्ये बहुधा दोनदा होते. एकदा परीक्षा जवळ आली की, आणि एकदा मुलगी मोठी व्हायला लागली की. पहिली चर्चा एप्रिलमध्ये आपोआप मिटते. दुसरी मिटत नाही. आमच्या घरी ती गेल्या वर्षी सुरू झाली आणि निमित्त झालं चाकाच्या बुटांचं.

आम्ही दोघंही शिक्षक. एकाकडे गणित, लिहिणाऱ्याकडे उर्दू आणि मराठी. राहतो बुलढाणा जिल्ह्यात, घाटावरच्या एका गावी. घरात चार माणसं: आम्ही दोघं, आमची लेक आणि तिची दादी. लेक आठवीत गेली. दादीचं वय ६८, दहा वर्षांपासून शुगर. डॉक्टरांनी गोळ्यांइतकंच चालणं सांगितलेलं, म्हणून फज्रची नमाज झाली की मोहल्ल्यातल्या तीन-चार बायकांबरोबर ती तलावाच्या पाळीवर जाते. पाळीवर सिमेंटचा रस्ता झाल्यापासून अर्ध्या गावाची शुगर तिथंच उतरते म्हणा ना.

पुण्याच्या खालाच्या मुलीला स्केट्स घट्ट व्हायला लागले आणि एका लग्नाच्या निमित्ताने ते आमच्या घरी आले. सोबत गुडघ्याचे, कोपराचे पॅड आणि एक हेल्मेट. हे स्केट्स म्हणजे पुढे दोन, मागे दोन चाकांचे जुने नव्हेत. यांची चारही चाकं एका रांगेत असतात, म्हणून यांना इनलाइन म्हणतात. उजव्या बुटाच्या टाचेला एक रबराचा ठोकळा, तो ब्रेक. पाय पुढे सरकवून पंजा किंचित उचलायचा की ठोकळा जमिनीला घासतो आणि वेग कमी होतो. वाचायला सोपं आहे. करायला आमच्या लेकीला पाच आठवडे लागले.

आता घाटावरच्या गावात हे चालवायचं कुठं? गल्ल्या चढ-उताराच्या, त्यात पेव्हर ब्लॉक, मध्येच नालीची झाकणं, कडेला कुणाच्या तरी घरकामाची गिट्टी. इनलाइनचं चाक लहान आणि भरीव असतं, बोराएवढा खडा आडवा आला तरी ते जागेवर थांबतं आणि वरचा माणूस पुढे जातो. शाळेचं मैदान मातीचं. उरली ती पाळ. पाळ सपाट का असते, हे गणिताच्या मास्तरांनी लेकीला घरीच समजावलं. तलावातलं पाणी सगळीकडे एकाच पातळीवर असतं, त्यामुळे ते अडवणाऱ्या बांधाचा माथाही एका पातळीत ठेवावा लागतो. एखाद्या जागी माथा खाली राहिला तर भरल्या पावसाळ्यात पाणी तिथूनच वाहून बांध फोडील. डोंगराळ गावात शोधून सापडणार नाही असा लांबलचक सपाट रस्ता तलावामुळे फुकट मिळतो.

या खेळाचा इतिहास वाचताना गंमत वाटली. चाकाच्या बुटांची पहिली ठळक कथा पडण्याचीच आहे. जोसेफ मर्लिन नावाचा बेल्जियमचा कारागीर अठराव्या शतकात लंडनमध्ये एका मेजवानीत चाकं लावून, वर व्हायोलिन वाजवत शिरला. थांबायचं कसं याचा विचार केलेला नव्हता. समोरचा मोठा आरसा फुटला, व्हायोलिन मोडलं, तोही जखमी झाला. १८१९ मध्ये पॅरिसच्या पेतिब्लेद याने एका रांगेतल्या चाकांचं पेटंट घेतलं, पण त्या बुटांवर वळताच येईना. १८६३ मध्ये अमेरिकेच्या जेम्स प्लिम्प्टनने दोन-दोन चाकांच्या जोड्या लावल्या, त्या वळू लागल्या, आणि पुढची शंभर वर्षं त्यांनीच गाजवली. एका रांगेची चाकं परत आली १९८० च्या सुमाराला, अमेरिकेतल्या मिनिॲपोलिस शहरात. तिथला स्कॉट ओल्सन हा बर्फावर हॉकी खेळणारा तरुण. उन्हाळ्यात बर्फ नाही, मग सराव कसा करायचा, म्हणून त्याने जुन्या पद्धतीचे असे स्केट्स सुधारले आणि त्यातूनच रोलरब्लेड कंपनी उभी राहिली. मिनिॲपोलिसला गावातच मोठमोठे तलाव आहेत आणि त्यांच्या भोवती पक्के रस्ते. या खेळाला असं माहेर मिळालं हा योगायोगच म्हणायचा. मात्र तिथल्या त्या तलावांभोवती रस्ते दोन आहेत: पायी चालणाऱ्यांचा वेगळा, चाकावाल्यांचा वेगळा.

आमच्या पाळीवर रस्ता एकच.

पहिले दोन महिने काही अडलं नाही. लेक पडत होती, उठत होती. तिला आधी पडायलाच शिकवलं. अंगणात गादी टाकून गुडघ्यांवर कसं बसायचं, मग हात कसे टेकायचे, हे रोज वीस वेळा. पडणारा माणूस आपसूक तळहात पुढे करतो आणि सगळा भार मनगटावर येतो. खालाच्या पिशवीत मनगटाचे पॅड नव्हते, ते आम्ही निराळे मागवले. अमेरिकेत १९९६ साली या दुखापतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात मनगटाचे पॅड न घालणाऱ्यांना मनगटाच्या दुखापतीचा धोका सुमारे दहापट आढळला. जुने स्केट्स कुणाकडून मिळाले तर जरूर घ्यावेत, पण पॅडचे पैसे आधी बाजूला काढावेत असं आमचं मत आहे.

कपड्यांचा प्रश्न लोक वाटतो तेवढा मोठा करतात. सलवारीच्या मोहऱ्या गुडघ्याच्या पॅडखाली दाबून घ्यायच्या, कुर्ता गुडघ्याच्या वर. ओढणी मात्र मोकळी ठेवायची नाही, कारण तिचं टोक चाकात गेलं की मान ओढली जाते. लेक सुती स्कार्फ बांधते, टोकं आत खोचते, वर हेल्मेट. संयुक्त अरब अमिरातीची झहरा लारी बर्फावरचं फिगर स्केटिंग हिजाब घालून करायची. २०१२ मध्ये इटलीतल्या स्पर्धेत त्यामुळे तिचे गुण कापले गेले होते, पुढे जागतिक संघटनेने हिजाबाला परवानगी दिली. लेकीला ही हकीकत सांगितली तेव्हा तिने विचारलं, "तिचा स्कार्फ घसरायचा नाही का?" तिला अडचण तेवढीच होती.

मग दिवाळीच्या सुट्टीत पाळीवर चाकांची संख्या वाढली. शहरातून आलेले भाचे, पुतणे, कुणाचे स्केट्स, कुणाच्या सायकली. एका सकाळी एक मुलगा दादीच्या मागून अगदी खांद्याला वारा लागेल असा गेला. धक्का लागला नाही. ती दचकली, बाजूच्या बाईचा हात धरला म्हणून पडली नाही. घरी येऊन काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून पाळीवर गेली नाही, एवढंच. गुडघा दुखतो म्हणाली, थंडी आहे म्हणाली. पंधरा दिवसांनी तपासणी केली तेव्हा जेवणाआधीची साखर १३० वरून १९० वर गेलेली होती. तेव्हा बोलली.

"तुमची मुलगी शिकावी म्हणून मी घरात बसू का?"

आमच्या लेकीने तिला कधी घाबरवलं नव्हतं, पण त्याने फरक पडत नव्हता. दादीच्या वयात पडणं म्हणजे खुब्याचं हाड, म्हणजे ऑपरेशन, म्हणजे पलंग. मोहल्ल्यात अशा दोन बायका तिने पाहिल्या होत्या. तिचं दुसरंही म्हणणं होतं: मुलगी आता तेरा वर्षांची झाली, सगळ्या गावासमोर चाकांवर फिरणं बरं दिसतं का? ही दोन म्हणणी ती एकाच वाक्यात सांगायची. आम्हाला ती निराळी करायला वेळ लागला.

मुलीच्या अब्बूंनी एका रात्री हजरत आयशांच्या शर्यतीची आठवण काढली. प्रेषितांनी (स.) त्यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली होती, एकदा आयशा जिंकल्या आणि पुढे कधीतरी प्रेषित (स.) जिंकले. दादीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पूर्ण सांग ना. आधी बरोबरच्या लोकांना पुढे जायला सांगितलं होतं. रस्ता रिकामा केला आणि मग धावले."

आम्ही गप्प झालो. वाद जिंकायला काढलेली गोष्ट तिने आमच्यापेक्षा नीट ऐकलेली होती. पण मार्ग तिच्याच बोलण्यात होता.

रविवारी आम्ही टेप घेऊन पाळीवर गेलो. रस्त्याची रुंदी आठ फूट. दोन बायका शेजारी शेजारी चालल्या की चार-साडेचार फूट जातात. स्केट्सवरची मुलगी सायकलसारखी सरळ रेषेत जात नाही. एक पाय तिरका बाहेर ढकलायचा, मग दुसरा, असं नागमोडी पुढे जावं लागतं. लेकीला चालवून खडूने खुणा केल्या तर तिला पाच फूट लागत होते. साडेचार आणि पाच, साडेनऊ. आठ फुटांत ते बसत नाही, कुणी कितीही सज्जन असलं तरी. वेगाचाही हिशेब केला. चालणारी बाई तासाला साडेचार किलोमीटर, सरावलेली मुलगी सहज पंधरा. वीस मीटर मागे असलेली मुलगी सात सेकंदांत खांद्याशी येते. वयस्क माणसाला आवाज ऐकून, वळून, बाजूला सरकायला सात सेकंद पुरतात का? कान चांगले असतील तर. दादीच्या मैत्रिणीला एका कानाने ऐकू येत नाही.

इथं आम्हाला कळलं की शिस्त लावा, हळू चालवा, "बाजू" म्हणून ओरडा, हे सगळे उपाय अपुरे आहेत. जागा वाटून घेता येत नसेल तर वेळ वाटून घ्यावा लागतो. मुलांना पाळीवरून हाकलावं अशी मागणी तेव्हा गावात होतीच. ती मान्य झाली असती तर मुलगे दुसरीकडे गेले असते, त्यांना क्रिकेटचं मैदान आहे, बसस्टँडची मोकळी जागा आहे. मुलींना पाळीशिवाय काही नव्हतं. आमच्या वर्गात दरवर्षी हेच दिसतं. पाचवीतल्या मुली मधल्या सुट्टीत धावतात, सातवीतल्या भिंतीशी उभ्या राहून गप्पा मारतात, आणि नववीत गेल्या की मैदान पूर्ण मुलांचं. कुणी मनाई केलेली नसते. मुली हळूहळू बाजूला होतात आणि आपण त्याला समजूतदारपणा म्हणतो.

हदीसमध्ये रस्त्याच्या हक्काची गोष्ट आहे. सहाबांनी रस्त्याकडेला बसल्याशिवाय आमचं चालत नाही असं सांगितलं तेव्हा प्रेषितांनी (स.) रस्त्याचा हक्क द्या असं फर्मावलं: नजर खाली ठेवणं, कुणाला त्रास न देणं, सलामाला उत्तर देणं, भलं सांगणं. बसणाऱ्यांसाठी सांगितलेलं ते चाकावाल्यांनाही लागू पडतं असं आम्हाला वाटलं. मुलींना तेच मूळ नियम म्हणून दिले. वेळ ठरली ती अशी: फज्रपासून साडेसातपर्यंत पाळ चालणाऱ्यांची, एकही चाक नाही. सुट्टीच्या दिवशी साडेसात ते नऊ मुलींची. रोज असरनंतर अर्धा तास मुलींचा, पुढे मगरिबपर्यंत पुन्हा चालणाऱ्यांचा. मुलगे म्हणाले, आमचं काय? त्यांना रविवारी नऊनंतर. ते कुरकुरले. त्यांच्यातल्या एकाची बहीणच मुलींच्या वेळेत येते, त्याने बाकीच्यांना गप्प केलं.

हे कागदावर नव्हतं, कुणाची मंजुरी नव्हती. दादीच्या मैत्रिणींनी घरोघरी सांगितलं आणि आम्ही शाळेत. सांगायचं तर दादींचं खातं आमच्यापेक्षा जास्त चाललं.

आणखी एक काम मुलींनी स्वतःहून अंगावर घेतलं. चाक खड्याला अडतं म्हणून स्केट्स बांधण्याआधी त्या खराट्याने अख्खी पाळ झाडतात: लिंबाचा पाला, बाभळीच्या शेंगा, गिट्टी, कुणी फोडलेल्या बाटल्यांच्या काचा. संध्याकाळी झाडलेली पाळ सकाळी चालणाऱ्यांना मिळते. पायात पातळ चपला घालणाऱ्या बायकांच्या हे आधी लक्षात आलं. पावसाळ्यात मात्र सगळंच बंद. ओल्या सिमेंटवर ही चाकं सरळ घसरतात आणि पाण्याच्या बाजूला शेवाळ धरतं. थंडीत दव वाळेपर्यंत थांबावं लागतं, म्हणून सकाळची वेळ कधी कधी आठलाच सुरू होते.

पाळ इतकी उपयोगी पडते हे पाहून आमच्या एका सहकाऱ्याने एकदा चहाच्या वेळी विषय काढला. लोणारला असा रस्ता तलावाभोवती का करू नये? जगभरचे लोक येतात, आपली मुलंही खेळतील. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट, म्हणून आम्ही नीट विचार केला. लोणारचं विवर उल्कापाताने झालेलं, काठाकाठाने जवळपास १.८ किलोमीटर रुंद. आतल्या पाण्यात माणसाच्या कामाचं काही नाही, ते खारं आणि अल्कधर्मी. पण त्याच पाण्यात असे सूक्ष्मजीव राहतात जे दुसरीकडे सहज सापडत नाहीत. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झालं होतं, हे वाचकांना आठवत असेल. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, आणि अभयारण्य तर ते आहेच. आमच्या गावचा तलाव माणसाने माणसांसाठी बांधलेला, त्याच्या बांधावर सिमेंट आलं तर तलावाचं काही जात नाही. लोणारला कुणी बांध घातलेला नाही. तिथं मातीच्या पायवाटेने उतरावं, झाडीतली माकडं आणि मोर पाहावेत आणि तसंच वर यावं. मुंबईतही हाच वाद झाला. पवई तलावाच्या काठाने महापालिकेचा सायकल आणि पायी फिरण्याचा रस्ता व्हायचा होता. पाणथळ जागेत बांधकाम होतंय म्हणून प्रकरण न्यायालयात गेलं, आणि ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवून झालेलं बांधकाम काढायला सांगितलं. पवईत तर मगरीही आहेत. सहकाऱ्याने मान हलवली, पण त्याचं पूर्ण समाधान झालं असं वाटलं नाही. लोणारच्या लोकांनाही पोटापाण्याचा प्रश्न आहे, हे त्याचं म्हणणं खोटं नाही.

स्पर्धांचं विचारतात म्हणून सांगतो. शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये रोलर स्केटिंग आहे, इनलाइनचा गट वेगळा असतो. २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई खेळांत संजना बथुला, कार्तिका जगदीश्वरन, हिरल साधू आणि आरती कस्तुरी राज या चौघींनी ३००० मीटर रिलेत कांस्यपदक आणलं, त्याच दिवशी मुलांच्या चमूनेही. २०२५ च्या सप्टेंबरात तमिळनाडूचा आनंदकुमार वेलकुमार चीनमध्ये जगज्जेता झाला. बेळगावची लहान मुलं उभ्या मोटारींच्या खालून अंग जमिनीसरसं करून स्केटिंग करत जातात, त्याचे विक्रम झाले आहेत. ते पाहून आपल्याही मुलाला असं काही शिकवावं असं पालकांना वाटतं. आम्हाला नाही वाटत. सहा वर्षांच्या मुलाच्या पाठीचा विक्रमासाठी उपयोग करू नये. आमच्या मुलींना स्पर्धेत जायचं असेल तर त्यांनी जावं. सध्या त्यांना उलटं चालवायला शिकायचं आहे.

सध्या पाळीवर सात मुली येतात आणि स्केट्सच्या जोड्या तीन. माप जुळत नाही तिथं दोन मोजे घालतात. एकीची अम्मी रोज कठड्यावर बसून राहते, विणकाम करते, कुणी अनोळखी पोरगा रेंगाळला तर त्याला त्याच्या गावाचं आणि बापाचं नाव विचारते. तो निघून जातो.

दादी पुन्हा चालायला जाते. साखर १४० च्या आसपास आहे. नातीने चाकांवर फिरावं याला तिने अजून हो म्हटलेलं नाही, आणि आम्हीही तिच्याकडून ते वदवून घेत नाही. नात दहावीत गेली की हा विषय पुन्हा निघेल, हे आम्हाला दिसतंय. त्या वेळी आम्ही कोणत्या बाजूला असू ते लेकीला आत्ताच सांगून ठेवलं आहे, दादीच्या समोरच. दादी म्हणाली, "देखेंगे."

आता रमजान जवळ येतो आहे. रमजानात असरनंतर घराघरांत इफ्तारची गडबड, मुलींना निघता येणार नाही, आणि रोजा ठेवून चाकांवर दमणंही बरं नाही. परवा जेवताना दादीनेच विषय काढला. तिच्या मैत्रिणी रमजानात सेहरीनंतर झोपतात, तरावीहनंतर चालायला जातात. मग सकाळची साडेसातपर्यंतची पाळ महिनाभर मोकळीच राहणार. "ती पोरींना द्या," ती म्हणाली, "ज्यांचा रोजा नसेल त्यांना. पण दिवा लावून झाडायला सांगा, रात्री आम्हाला काच दिसत नाही."